मोतिया की साय

भिंतीवर दोन चौकोन आहेत, असं घरातले सगळे म्हणत होते. आजीला नुसती भिंत दिसत होती.

तीही कडेकडेनं. सरळ पाहिलं की मधोमध धुकं. घड्याळाकडे पाहावं तर काटे गायब आणि कडेचे आकडे तेवढे हजर. माणसाकडे पाहावं तर कान दिसायचे, केस दिसायचे, आणि नाक-डोळे असायला हवेत तिथं काहीच नाही. मान थोडी वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं की बरंच हाती लागे. जिना उतरता येई, कपडे वाळत घालता येत, भाजीही निवडता येई, थोडी बोटांच्या भरवशावर. पण एक पांढरा आणि त्याच्या शेजारचा किंचित पिवळट पांढरा, हा फरक ओळखणं कोपऱ्यातून होणारं काम नव्हे. त्याला धडधाकट डोळा लागतो, आणि आजीच्या दोन्ही डोळ्यांनी गेलं वर्षभर संप पुकारला होता.

घरात हे कुणालाही ठाऊक नव्हतं. मैत्रिणीकडे जाते म्हणून थाप मारून ती एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. आतला पडदा झिजलाय, डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, चष्मा बदलून उपयोग नाही, उरलंय ते जपायचं. पुढच्या वेळी घरातलं कुणीतरी सोबत आणा. आजीनं मान डोलावली आणि घरी येऊन मूग गिळून बसली.

का बसली? अहो, घरात चार वर्षांची नात होती ना! खरं नाव काहीतरी लांबलचक आणि गोड होतं, पण इतकीशी, टिचभर, म्हणून सगळे टिचकी म्हणत. टिचकीचा बाप लिफ्ट दुरुस्त करायचा, आई औषधांच्या दुकानात उभी असायची. सकाळी दोघं बाहेर पडले की घर आजीचं आणि टिचकीचं. बालवाडीत सोडायचं, आणायचं, भरवायचं, झोपवायचं, पडली की फुंकर घालायची. नवरा गेल्यावर आजीच्या दिवसाला हात-पाय फुटले होते ते या पोरीमुळे. आणि आता सुनेनं एक पाळणाघर पाहून ठेवलं होतं. एक जागा रिकामी होती, सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. "तुम्ही दमता हो आई," एवढंच सून म्हणाली होती. डोळ्यांचं नुसतं कानावर गेलं असतं तर सोमवारचीही वाट पाहिली नसती तिनं. पोर गेली की मग आजीनं दिवसभर करायचं काय? भिंतीकडे बघायचं? इथं भिंतीचीच पंचाईत होती.

आज रविवार. आजी आणि टिचकीची खोली रंगवायला काढली होती. आदल्या संध्याकाळी रंगारी येऊन खिडकीसमोरच्या भिंतीवर दोन रंगांचे दोन चौकोन मारून गेला. एक मोतिया, एक साय. "रात्रभर वाळू द्या, सकाळच्या उजेडात बघा आणि ठरवा," म्हणाला आणि घरात काडी टाकून निघून गेला.

"डोळे आहेत की बटणं?" सून नवऱ्याला विचारत होती. "हा डावीकडचा मोतिया बघ. किती शांत, स्वच्छ. आणि तो उजवीकडचा साय, कावीळ झाल्यासारखा दिसतोय."

"कावीळ कसली? ऊब आहे त्याला. तुझा मोतिया म्हणजे दवाखान्याची भिंत. सकाळी जाग आली की वाटेल, सलाईन कुठंय?"

"अरे ढळढळीत फरक आहे! तुला मुद्दाम बघायचंच नाही."

"मला दिसतोय फरक. म्हणून तर साय म्हणतोय."

"मी काहीही म्हटलं की तुझं उलट. पडदे घेतले तेव्हाही तेच, टेबल घेतलं तेव्हाही तेच."

झालं, गाडी रंगावरून पडद्यांवर आणि पडद्यांवरून एकमेकांच्या माहेरा-सासरावर. आजी पलंगावर बसून टिचकीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्यांना डोळे लागत नाहीत. शिवण बोटाला लागली की सुलटं-उलटं कळतं, मात्र घाईत तेही कधी चुकतं. मागच्याच आठवड्यात पोर बालवाडीत उलटा फ्रॉक घालून गेली आणि सुनेनं संध्याकाळी तो न बोलता काढून सुलटा केला. न बोलता. बोलली असती तर आजीला इतकी भीती वाटली नसती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं तिचं. आता फक्त एकच, या दोघांनी आपल्याला मधे ओढू नये.

"आई, तूच सांग बाई आता," मुलगा म्हणाला. "खोली तुझी आहे."



"मला काय विचारता? मला कुठलाही चालेल. भिंतीला रंग असला म्हणजे झालं."

"चालेल नको, आई," सून म्हणाली. "बघून सांगा."

बघून. हा शब्द तिनं जरा दाबून उच्चारला की आजीला उगाच तसं वाटलं? परवा खोकल्याच्या औषधाच्या वेळी आजीनं भलतीच बाटली उचलली होती. "ही नाही आजी, लाल झाकणाची," असं टिचकीनंच सांगितलं, तेव्हा कुठं निभावलं. सून स्वयंपाकघरात होती. तिनं ऐकलं असेल का? औषधांच्या दुकानातली बाई ती, बाटल्यांच्या बाबतीत तिचे कान मांजराचे. म्हणजे ही रंगाची चौकशी नसून परीक्षा तर नव्हे?

उठणं भाग होतं. आजी उठली, भिंतीशी गेली, मान डावीकडे कलती करून पाहिलं, उजवीकडे कलती करून पाहिलं. इकडे पांढुरकं, तिकडेही पांढुरकं. हात पुढे केला.

"हात नका लावू, अजून कच्चा असेल," सून म्हणाली.

तोही मार्ग खुंटला. मग आजीनं हुकमी पान काढलं.

"टिचके, तुला कुठला आवडतो गं?"

"गुलाबी."

"अगं, या दोघांतला सांग."

"या दोघांत गुलाबी नाहीच," टिचकी म्हणाली, आणि खडूंच्या डब्यात तोंड घालून बसली. एरवी आजीनं हाक मारायच्या आत जिचं उत्तर तयार, तिनं आज ऐन वेळी हात वर केले.

आजीनं मनातल्या मनात हिशेब मांडला. मुलाची बाजू घेतली तर सून म्हणणार, शेवटी लेकाकडेच ओढा. सुनेची घेतली तर ती खूष होईल, आणि खूष असली तर सोमवारी कदाचित... बस्स, ठरलं.

"डावीकडचा घ्या," ती म्हणाली. "मोतिया."

"बघ!" सून नवऱ्याला म्हणाली.

इथं गप्प बसायला हवं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण खोटं बोलणाऱ्या माणसाला ते आणखी सजवायची खोड असते, आणि आजी काही सराईत नव्हती.

"उजवा फारच भडक वाटतो," ती म्हणाली.

 टिचकीचा खडू कागदावर घासत होता, तेवढाच आवाज.

"भडक?" सून म्हणाली. "आई, तो साय आहे. पिवळट म्हणा, मळका म्हणा. भडक?"

"म्हणजे, डाव्याच्या मानानं गं."

"डाव्याच्या मानानंसुद्धा भडक कसा असेल?"

"अगं, असेल तिला वाटत," मुलगा म्हणाला. मघाशी भांडणारा माणूस एकाएकी समजूतदार झाला होता, कारण बायकोचा आवाज बदललेला त्यानंही ओळखला होता.

"तू थांब जरा." सून पावलं टाकत जवळ आली. आजीला साडेतीन हातांची एक आकृती दिसली, मोकळे केस, खांद्यावर टॉवेल. "आई, माझ्याकडे बघा."

"बघतेय की."

"नाही. सरळ बघा. तुम्ही वर्षभर माझ्याकडे सरळ बघतच नाही. मान वाकडी करून बघता, मी तुमचं काहीतरी लुबाडल्यासारखं. मला वाटलं, माझ्यावर राग आहे. रडलेसुद्धा आहे मी त्यावरून, विचारा याला. पण आता मला वेगळीच शंका येतेय."

आजीनं सरळ पाहिलं. समोर धुकं होतं. त्या धुक्यात सुनेचे डोळे नेमके कुठं असतील त्याचा अंदाज घेत तिनं आपली नजर रोखून धरली.  ही आता बोटं धरून 'किती?' विचारणार, तिला वाटलं, आणि आपण 'दोन' म्हणणार, आणि ती तीन असणार.

दारावरची बेल वाजली.

बेल वाजवणाऱ्याचं भलं होवो, असं आजी मनातल्या मनात म्हणाली. दारात रंगारी होता, हातात बादली, बगलेत ब्रशांची जुडी, आणि चेहरा, निदान आवाजावरून तरी, पार पडलेला.

"साहेब, बाई, आधीच माफी मागतो," तो आत येता येताच म्हणाला. बादली त्यानं खोलीच्या उंबऱ्यातच टेकवली. "ठरवलं नाही ना अजून? ठरवू नका. घोटाळा झालाय."

"कसला घोटाळा?"

"काल तुमच्याकडून गेलो, सकाळी दुकानावर डबे नेले, तर दुकानदार डोक्याला हात लावून बसला. त्याच्या माणसानं चिठ्ठ्या दोन चिकटवल्या, मोतिया आणि साय, आणि आत दोन्हीत ओतला मोतियाच! सायचा डबा दुकानातच पडून आहे. काल दिव्याच्या उजेडात मारला, माझ्याही लक्षात आलं नाही. वीस वर्षं भिंती रंगवतोय, शरमेची गोष्ट आहे."

"म्हणजे हे दोन चौकोन..." मुलगा म्हणाला.

"एकच रंग. इकडेही मोतिया, तिकडेही मोतिया."

नवरा-बायको भिंतीकडे पाहत राहिले. मग एकमेकांकडे. काल संध्याकाळपासून ज्या फरकावरून दोघं हमरीतुमरीवर आले होते, तो फरक जन्मालाच आला नव्हता.

"कावीळ झाल्यासारखा!" मुलगा म्हणाला.

"ऊब आहे म्हणे त्याला!" सून म्हणाली, आणि दोघं अशी हसत सुटली की सुनेला पलंगाची कड धरून खाली बसावं लागलं. रंगारीही भीत भीत हसला. हसता हसता सुनेनं आजीचा गुडघा धरला. "आणि भडक! आई, तुम्हाला तर भडक दिसला!"

आजी हसली. हसायलाच हवं होतं. सुंठीवाचून खोकला गेला होता. जिथं धडधाकट डोळ्यांची दोन माणसं रात्रभर शपथेवर फरक पाहत होती, तिथं तिच्या 'भडक'ची काय मातब्बरी! जिवात जीव आला आणि ती पलंगावर टेकली.

मुलगा रंगाऱ्याबरोबर दुकानात निघाला, या वेळी झाकण उघडून स्वतःच्या डोळ्यांनी रंग बघणार म्हणाला. दोघं गेल्यावर सून डोळे पुसत आजीशेजारी बसली.

"चुकले मी, आई," ती म्हणाली. "खरं सांगू? मला वाटायला लागलं होतं तुम्हाला दिसत नाही. उलटा फ्रॉक, ते दूध उतू गेलं ते, सगळं जोडत बसले होते. आणि स्वतः काय, तर एकाच रंगात दोन रंग बघतेय! माणसानं एकदा मनात घेतलं की काहीही बघतो. जाऊ दे. पाळणाघर नको. सोमवार कशाला, आत्ताच कळवून टाकते. माझा फोन कुठंय?"

"राहू दे गं, कळव सावकाश," आजी म्हणाली खरी, पण तिच्या मनात आनंद मावत नव्हता. जिंकली होती ती. यापुढे कितीही फ्रॉक उलटे झाले तरी या घरात तिच्या डोळ्यांचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती.

सून फोन शोधायला बाहेर गेली. तेवढ्यात खालच्या अंगणातून पोरांचा गलका आला.

"टिचकीऽऽ! खाली ये! झोका रिकामा आहे!"

टिचकी खिडकीशी गेली, टाचा उंचावून गजांना धरून उभी राहिली.

"मी नाही येत!"

"का?"

"मला काम आहे!"

"तुला रोजच काम असतं!" खालून एक मुलगी चिडून ओरडली. "तुला आता बोलावणारच नाही आम्ही!"

टिचकी थोडा वेळ खालीच पाहत राहिली. झोक्याच्या कड्या करकरायला लागल्या, कुणीतरी दुसरं बसलं असणार. मग ती वळली, आजीपाशी आली, आणि कानाशी तोंड नेऊन हळू आवाजात म्हणाली, "आजी, रंगारीकाकांनी दारातच बादली ठेवलीय. तुला दिसणार नाही. उठायचं असलं की मला हाक मार हं, मी इथंच आहे." आणि खडू घेऊन आजीच्या पायाशी बसली.

आजीचा हात घडीवरच थांबला.

"कसलं काम आहे गं तुला?" तिनं विचारलं.

"तुझंच," टिचकी म्हणाली. यात विचारायचं काय, असा तिचा सूर होता.

आजवर आजी मैत्रिणींना कौतुकानं सांगायची, पोर मला सोडून हलत नाही हो, खेळायलासुद्धा जात नाही. तिला वाटायचं, लळा आहे. लळा होताच. पण रस्ता ओलांडताना "आता चल आजी" कोण म्हणायचं? दुधाकडे "वर आलं, वर आलं" कोण ओरडायचं? लाल झाकण कुणी ओळखलं? एका चार वर्षांच्या जिवानं खेळणं सोडून राखण धरली होती, आणि आपण ढोल बडवत होतो की आपण पोरीला सांभाळतो. आजीला लाज वाटली. इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याहून जास्त भीती वाटली, कारण ज्या दिवशी पोरीचं लक्ष खडूत असेल आणि बाटली भलतीच असेल, त्या दिवशी काय, हा प्रश्न तिनं वर्षभर स्वतःला विचारूच दिला नव्हता.

"सापडला एकदाचा," सून फोन घेऊन येत म्हणाली. "काय लिहू? 'जागा नको, घरी आजी आहेत' एवढं पुरे."

"थांब," आजी म्हणाली. "टिचके, जा, झोक्यावर जाऊन ये."

"पण बादली?"

"बादली कुठंय ते मला कळलंय ना आता. मी इथून उठत नाही. आणि तुझी आई आहे. जा."

टिचकीनं आधी आजीकडे पाहिलं, मग आईकडे. मग ती जी सुटली, ती चपला न घालताच. जिन्यावरून तिचा "आले, आले, मी आले!" असा आवाज खालपर्यंत गेला.

"हिला काय झालं? एरवी हाकलली तरी जात नाही," सून म्हणाली.

"कळव त्यांना," आजी म्हणाली. "हो म्हणून कळव. उद्यापासून येईल म्हणावं."

"आई? रागावलात का मघाच्या बोलण्यावर?"

"नाही गं. तू म्हणालीस ते खरं होतं." तिला वाटलं होतं शब्द फुटणार नाहीत, पण एकदा सुरुवात झाल्यावर थांबवेनात. "मला दोन चौकोन सारखेच दिसले. ते सारखे होते म्हणून नव्हे. वेगळे असते, एक काळा आणि एक... काळा-पांढरा कळला असता कदाचित. पण मोतिया आणि साय नसता कळला. डॉक्टरांकडे जाऊन आलेय मी, गुपचूप. बरं होणारं नाही ते. वर्ष झालं. मी टिचकीला रस्ता ओलांडून देत नाही, ती मला देते. त्या दिवशी औषधाची बाटली मी चुकीची उचलली होती. तिनं सांगितलं म्हणून. नाहीतर मी पाजली असती. ऐकतेयस ना? पाजली असती मी."



सून समोर उभी होती. आजीला तिचे केस दिसत होते, खांद्यावरचा टॉवेल दिसत होता, हातातला फोन चमकत होता. मधे धुकं. आजीनं मान या बाजूला कलती केली, त्या बाजूला केली. अंगणात झोका करकरत होता.

"काहीतरी बोल गं," आजी म्हणाली. "तोंडावरून मला काही कळत नाही. तू गप्प राहिलीस तर रागावलीस की काय, ते मला कसं समजायचं?"

पलंग खचला. सून शेजारी येऊन बसली होती. तिनं आजीचा हात आपल्या गालावर नेऊन दाबून धरला. गाल ओला होता.

"रागावलेच आहे," ती म्हणाली. "खूप रागावलेय."